डायरेक्ट करून देऊ का?

जुन्या विजेरीतल्या बल्बला आपली पायरी ठाऊक होती. आतली तार थंड असताना तिचा विरोध कमी असे आणि ती पेटली की तो दहापटीच्या आसपास चढे. त्यामुळे बल्ब वीज घेता घेता आपणहून हात आखडायचा. दोन सेल, एक बल्ब, एक पितळी पट्टी आणि ती पट्टी पुढेमागे सरकवणारं बटण, एवढ्यावर सगळं भागत होतं. १८९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिझेल नावाच्या गृहस्थांना हातात धरायच्या विजेरीचं पेटंट मिळालं आणि पुढची बरीच दशकं बिघडण्यासाठी तिच्यात फारसं काही नव्हतंच. बल्ब उडाला तर बल्ब बदलायचा. सेल उतरले तर ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे. उबेने आतली रसायनं जराशी हलती होतात, म्हणून सेल थोडा वेळ शुद्धीवर येत. पण ज्याने ते पत्र्यावर ठेवले तो पुढे आठवडाभर घरात शास्त्रज्ञ म्हणून वावरे.

एलईडीचं तसं नाही. एलईडी म्हणजे पंगतीतला असा पाहुणा, की जेवता जेवता ज्याची भूक वाढत जाते. तीन व्होल्टच्या बराच अलीकडे असताना तो पानाला हातही लावत नाही. तिथवर पोचला की मागणी सुरू होते. अंग तापलं की तेवढ्याच व्होल्टेजवर तो आणखी करंट ओढतो, त्याने आणखी तापतो, मग आणखी ओढतो. 'पुरे' म्हणायची सोय त्याच्या घडणीतच नाही. म्हणून बॅटरी आणि एलईडी यांच्या मध्ये एक वाढपी उभा करावा लागतो, जो समोरच्याच्या तोंडाकडे न बघता ठरलेलं तेवढंच वाढतो. या वाढप्याला ड्रायव्हर म्हणतात. बऱ्याच विजेऱ्यांत तो सतरा मिलिमीटरची गोल चकती असतो, रुपयाच्या नाण्याहून लहान. मागे स्प्रिंग, पुढे एक लाल आणि एक काळी वायर, मध्ये मुंगीएवढे भाग.

आता 'पुरे' म्हणणं हेच ज्याचं काम, तो कोणाला आवडणार? विजेऱ्या दुरुस्त करणारे आणि विजेऱ्या 'सुधारणारे' असे दोन्ही पंथ मी जवळून पाहिले आहेत. दोघांचा शत्रू एकच.

सुधारणारा पंथ आमच्या घरात माझ्या आतेभावाने आणला. तो कोथरूडला राहतो, हिंजवडीला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात विजेऱ्या उघडतो. त्याच्या सोसायटीत अंधार नाही. जिन्यात माणूस दिसला की दिवा लागतो, फाटकाशी फ्लडलाइट आहे आणि वीज गेलीच तर वॉचमनने विडी खाली ठेवेपर्यंत जनरेटर सुरू होतो. त्या मधल्या क्षणांसाठी आतेभावाकडे ड्रॉवरभर विजेऱ्या आहेत. लांबून आलेल्या, चिनी, ॲल्युमिनियमच्या, बोटभर लांबीच्या, आणि सगळ्या 'स्टॉक'. स्टॉक म्हणजे कारखान्याने दिली तशी. हा शब्द तो अशा सुरात उच्चारतो की विजेरी अजून बिनलग्नाची राहिल्याचं दुःख त्यात असावं.

त्याच्या पहिल्या विजेरीत एएमसी ७१३५ नावाच्या आठ चिपा होत्या. एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, त्याहून जास्त नाही. आठ मिळून २.८ अँपिअर. कामाची पद्धत अगदी सरळ आहे: भरलेल्या लिथियम बॅटरीचे ४.२ व्होल्ट, त्यातले एलईडीला हवेत समजा ३.२, उरलेला एक व्होल्ट या चिपा जाळून टाकतात. म्हणजे जवळजवळ तीन वॅट नुसते तापण्यात जातात. हे ऐकून आत्या म्हणाली, "थंडीच्या दिवसांत बरं आहे." तिने तिथेच विषय संपवला. आतेभावाचा तिथे सुरू झाला.

आठ चिपा कमी वाटू लागल्यावर नवव्या चिपेला चकतीवर जागा नव्हती. पण जागा नाही म्हणून बांधकाम थांबवण्याची पुण्यात पद्धत नाही. आधीच्या चिपेच्या डोक्यावर दुसरी चिप ठेवायची, वरच्या तीन पायांचे खालच्या तीन पायांना डाग द्यायचे, आणि मजला चढला. भिंग डोळ्याला, चिमटा एका हातात, सोल्डरिंग आयर्न दुसऱ्या हातात, राळेचा धूर थेट नाकात. श्वास रोखलेला. यात कोणी बेल वाजवली तर त्या माणसाचे आणि आमच्या घराण्याचे संबंध बिघडतात.

दुसऱ्या प्रकारच्या ड्रायव्हरांत लबाडी अधिक सोपी आहे. त्यात 'आर १००' असं लिहिलेला एक चिमुकला रेझिस्टर असतो, ०.१ ओहमचा. किती करंट गेला हे ड्रायव्हर या रेझिस्टरवर पडणाऱ्या व्होल्टेजवरून मोजतो. त्याच्या पाठीवर तसाच दुसरा बसवला की ०.०५ ओहम होतात. ड्रायव्हरला करंट अर्धाच दिसतो आणि तो बिचारा प्रामाणिकपणे दुप्पट सोडतो. त्याच्या हिशेबाने वाढप अजून पूर्वीइतकंच चाललं आहे. पळी कोणी बदलली हे त्याला कळत नाही.

मग स्प्रिंग. स्प्रिंग पोलादी, पोलाद विजेला फार चांगला रस्ता देत नाही. ३० मिलिओहम म्हणजे आपल्या दृष्टीने काहीच नाही. पण पाच अँपिअर वाहत असतील तर तिथे ०.१५ व्होल्ट सांडतात. या सांडलवंडीने आतेभावाची झोप उडाली. उपाय म्हणून स्प्रिंगच्या पोटातून तांब्याची वेणी ओढून दोन्ही टोकांना डाग द्यायचा. ती वेणी आणायला आम्ही बुधवारात, तपकीर गल्लीत गेलो.

"तांब्याची वेणी आहे का?"

"आहे. किती मीटर?"

"सहा सेंटिमीटर."

दुकानदाराने मान वर केली नाही. "शंभर ग्रॅमचं रीळ येतं," एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आतेभावाने रीळ घेतलं. आता त्याच्याकडे नातवंडांच्या विजेऱ्यांना पुरेल एवढी वेणी आहे. मुलं अजून नाहीत.

एलईडी बदलायचा सोहळा वेगळा. एलईडी तांब्याच्या बिल्ल्यावर झाळलेला असतो आणि तो नीट उतरवायचा तर बिल्ला खालून तापवावा लागतो. कथील आणि शिशाचं नेहमीचं मिश्रण १८३ अंशांना वितळतं. घरात एवढं तापणारी सपाट वस्तू एकच, आणि ती आत्याच्या ताब्यात. तिने पोळ्यांचा तवा दिला नाही, धिरड्यांचा दिला नाही, मोडका दांडा असलेला माळ्यावरचाही दिला नाही. शिसं पोटात जाऊ नये हे कारण तिला ठाऊक नव्हतं, तरी निर्णय शंभर टक्के शास्त्रीय होता. शेवटी त्याने स्वतःचा तवा आणला आणि गॅलरीत शेगडी मांडली. कथील चमकून एलईडी जागच्या जागी हलला तेव्हा त्याने मला हाक मारली. आत्या दारातून बघून म्हणाली, "धिरडं असतं तर अजून सुटलं नसतं. तवा नीट तापलेला नाही."

एवढं सगळं झाल्यावर मोजमाप. मल्टिमीटर लावून करंट मोजायचा, तर मल्टिमीटरच्या बारीक वायरी स्वतःच विरोध करतात आणि आकडा कमी दाखवतात. म्हणून आधी मल्टिमीटरच्या वायरी सुधारायच्या. मग घरातले सगळे दिवे बंद, पडदे ओढलेले, विजेरी टेबलावर उभी, उजेड छतावर आणि छतावरून परत येणारा उजेड मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपमध्ये. आत्या स्वयंपाकघरात अंधारात कणीक मळत बसलेली. निकाल: वीस टक्के वाढ.

इथे निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायचा तर तो प्रत्यक्षात साधारण चौपट व्हावा लागतो. वीस टक्क्यांची वाढ माणसाला दिसतच नाही. ती फक्त ॲपला दिसते, आणि ॲपला अंधारात कुठे जायचं नसतं.

उजेड वाढवण्याचं वेड ओसरलं (खरं तर विजेरी हातात धरवेना) तेव्हा रंगाचं सुरू झालं. पांढरा म्हणजे एकच पांढरा, असं तुम्हाआम्हाला वाटतं. प्रत्यक्षात निळसर, पिवळसर, गुलाबी झाक असलेला आणि ज्याचं नावही घरात काढायचं नाही असा हिरवट, एवढे पांढरे असतात. ते ओळखायला पांढरी भिंत लागते. आतेभावाच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर कॅलेंडर नाही, फोटो नाही, आजोबासुद्धा नाहीत. संध्याकाळी तो तिच्यावर दोन विजेऱ्यांचे दोन गोल टाकून बघत बसतो. पाहुणे आले की त्यांना विचारतो, "डावीकडचा हिरवा वाटतो ना?" पाहुणे आपापल्या स्वभावानुसार उत्तर देतात. जेवायला थांबायचं असेल तर "हो" म्हणावं लागतं.

आणि मग ड्रायव्हरला डोकं फुटलं. आता चकतीवर एक मायक्रोकंट्रोलर असतो, एटीटायनी जातीचा. जुन्या एटीटायनी १३-ए मध्ये एक किलोबाइट जागा होती. तेवढ्यात कमी, मध्यम, जास्त आणि लुकलुक असे चार गुण बसत. पुढच्या ८५ मध्ये आठ किलोबाइट आली आणि माणसाला जागा मिळाली की तो काय भरतो हे माळ्यावर चढून बघितलेल्या कोणालाही सांगायला नको. आठ पायांच्या चिपेला चिमटा लावून आतली प्रणाली बदलता येते. हा चिमटा दर वेळी सातच पायांना लागतो. त्या प्रणालींत सर्वांत गाजलेलीचं नाव अँड्युरिल, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या अॅरागॉर्नची तलवार. विजेरीला तलवारीचं नाव दिल्यावर पुढचं सगळं ओघाने येतं.

एका बटणावर सगळा कारभार. एकदा दाबलं की दिवा लागतो, इथवर ठीक आहे. दाबून धरलं की उजेड हळूहळू चढतो. बंद असताना तीनदा दाबलं तर बॅटरीचे व्होल्ट लुकलुकून सांगते: चार लुकलुक, थांबा, एक लुकलुक, म्हणजे ४.१. चारदा दाबलं तर कुलूप. तिसरी टिचकी तशीच दाबून ठेवली तर आत खास दालन आहे: मेणबत्तीची थरथर, सायकलच्या मागचा दिवा आणि एकात चक्क वादळातल्या विजा. तेराव्या टिचकीला दाबून धरलं तर विजेरी जन्मली तेव्हा होती तशी होते. पंधरा टिचक्यांना ती आपली आवृत्ती सांगते, आणि ती विचारणारी माणसं आहेत, हे मी शपथेवर सांगतो. साध्या माणसांसाठी एक सोपी अवस्था ठेवली आहे. जुन्या आवृत्तीत तिचं नाव 'मगल' होतं, हॅरी पॉटरमध्ये जादू न येणाऱ्यांना म्हणतात ते.

एका रात्री आत्याची रक्तदाबाची गोळी सोफ्याखाली गेली. विजेरी हाताशी होती. आत्याने दाबलं, उजेड नको तेवढा आला. तिने परत दाबलं, परत दाबलं, वैतागून दाबून धरलं. दिवाणखान्यात विजा चमकू लागल्या. आतेभाऊ आतून ओरडला, "आई, सोड आणि बंद कर, मग चारदा दाब!" आत्याने चारदा दाबलं. विजेरीला कुलूप लागलं. "आता परत चारदा!" आत्याने मोबाइल काढला, त्याच्या मागच्या दिव्यात गोळी शोधली, पाण्याबरोबर घेतली आणि झोपायला गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, की ज्या वस्तूला बंद करायला शिकवणी लावावी लागते ती उशाशी ठेवू नये.

दुरुस्तीचा पंथ बघायला मात्र अंधार असलेल्या ठिकाणी जावं लागतं. माझे मामा जुन्नर तालुक्यात ऊस करतात. शेतीची लाइट पाळीने येते. रात्रीची पाळी असली की मोटर सुरू करायला, बारे द्यायला रात्रीच जायचं, आणि उसात बिबट्या असतो. असू शकतो नव्हे, असतो. तिथे विजेरीला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्याकडून एकच अपेक्षा असते. भिंतीवरची झाक मामांनी कधी विचारलेली नाही.

मामांची बॅटरी बाजारातली चार्जिंगची, भोपळी रंगाची, आत चार व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी. तिचं चार्जिंग सर्किट हा काटकसरीचा नमुना आहे. ट्रान्सफॉर्मर नाही. २३० व्होल्टच्या वाटेत '१०५ जे' लिहिलेला चारशे व्होल्टचा एक कपॅसिटर अडवा घातलेला, म्हणजे एक मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झला त्यातून सत्तरेक मिलिअँपिअरच जाऊ शकतात. पुढे चार डायोड, की झालं चार्जर. कपॅसिटर रिकामा करणारा एक रेझिस्टर त्यात असायला हवा. काही पैसे वाचवायला तो गाळला, की प्लग काढल्यावर पिना बोटाला असा चिमटा काढतात की माणूस देवाचं नाव घेतो, किंवा दुसरं काहीतरी. चार्जिंगला लावलेली बॅटरी उघडायची तर थेट मेन लाइनला हात घालण्याची तयारी हवी, म्हणून उघडू नये. चार्जिंगचा लाल दिवा रात्रभर लागतो. बॅटरी भरली तरी लागतो, मेली तरी लागतो. त्याचा बॅटरीशी काही संबंधच जोडलेला नसतो.

अलीकडे बाजारात लिथियमवाल्या छोट्या बॅटऱ्याही आल्या आहेत आणि त्यांत तीन अवस्थांचा ड्रायव्हर: जास्त, कमी, लुकलुक. बंद करायचं तर लुकलुक ओलांडूनच जावं लागतं. मामांच्या शेजारच्यांची बॅटरी त्या लुकलुकीत अडकली आणि ते बांधावरून घरापर्यंत सगळ्या शिवाराला इशारे देत आले. लोकांनी हात केला आणि आपापल्या कामाला लागले.

अशी बॅटरी आठवडी बाजारातल्या मिस्त्रीकडे जाते. ताडपत्री, तिच्याखाली खोकं, खोक्यावर सोल्डर, पेस्टची डबी, ब्लेड, पॉलिश पेपर. तपासण्याचा क्रम मात्र आतेभावाच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो: आधी सेल, मग आटे, मग बटण, मग आतली रिंग सैल आहे का. बहुतेक वेळा आटे मळलेले किंवा रिंग सैल एवढंच निघतं. आतेभाऊ आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, मिस्त्री सदऱ्याच्या टोकाने. सर्किटच गेलं असेल तर मिस्त्री एकच प्रश्न विचारतो.

"डायरेक्ट करून देऊ का?"

या प्रश्नावर महाराष्ट्राची अर्धी यंत्रं उभी आहेत. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला, पंखा डायरेक्ट. गिझरचा थर्मोस्टॅट गेला, गिझर डायरेक्ट. साइड स्टँड खाली असताना मोटारसायकल सुरू होऊ नये म्हणून कंपनीने बसवलेला स्विच, डायरेक्ट. ज्या ज्या भागाचं काम 'थांब' सांगण्याचं होतं, तो तो भाग आपण काढून डब्यात टाकला आहे आणि यंत्रं चालू आहेत. विजेरीतही मिस्त्री ड्रायव्हर कापतो, लाल वायर स्प्रिंगला, काळी बॉडीला, वीस रुपये.

हे चालायला नको. पण चालतं, कारण गंजलेली स्प्रिंग, दोऱ्याएवढी वायर आणि थकलेली बॅटरी या तिघी मिळून इतका विरोध करतात की एलईडीला पोटभर मिळतच नाही. विजेरीची गरिबी हाच तिचा ड्रायव्हर. नवी चांगली बॅटरी घातली की मात्र एलईडी निळसर पडतो आणि लवकरच कायमचा निवृत्त होतो.

गेल्या पावसाळ्याअखेर आतेभाऊ माझ्याबरोबर मामांकडे आला. त्याने मामांना आपली सर्वांत नवी विजेरी दाखवली. ऊस पलीकडच्या बांधापर्यंत लख्ख दिसला. मामा "वा" म्हणाले, आणि "वा" संपता संपता विजेरी तापून आपणहून मंद झाली.

"आता काय झालं?"

"टर्बो उतरला, मामा. पंचेचाळीस अंशांना ती स्वतःला सावरते."

"बिबट्याला हे माहीत आहे का?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आतेभावाला मिस्त्रीला भेटायचंच होतं. त्याने विजेरी उघडून ड्रायव्हर मिस्त्रीच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रीने भिंगाशिवाय तो उलटसुलट पाहिला.

"लाइट लागती का?"

"लागते ना."

"मंग उघाडली कशाला?"

या प्रश्नाला पुण्यात कोणी उत्तर दिलेलं नाही, इथेही मिळालं नाही. आतेभावाने विषय बदलून हा ड्रायव्हर किती पुढारलेला आहे ते समजावलं. कमी उजेडाला एक ७१३५ चिप, आणि पूर्ण उजेडाला तिला बाजूला सारून एक एफईटी, म्हणजे निव्वळ एक स्विच. तो पूर्ण उघडला की बॅटरी आणि एलईडी यांच्यामध्ये रोखणारं कोणीच नाही. स्प्रिंगलाही तांब्याची वेणी घातलेली. "याला म्हणतात डायरेक्ट ड्राइव्ह," तो म्हणाला.

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या खोक्याकडे. "डायरेक्टच की," तो म्हणाला. "कितीला केलं?"

आतेभावाने आकडा सांगितला. मिस्त्रीने शेजारच्या चहावाल्याला हाक मारून तो आकडा परत ऐकवला. चहावाल्याने आमच्यासाठी चहा धाडला, पैसे घेतले नाहीत.

चहा पिताना आतेभावाची नजर खोक्याखालच्या श्रीखंडाच्या डब्यावर गेली. कापून काढलेली सर्किटं त्यात काठोकाठ भरली होती. बरीचशी एका आयसीची आणि दोन रेझिस्टरची, पण वरच्या थरात आठ चिपांच्या दोन-तीन चकत्या होत्या आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. बिघाड बटणात असताना त्या डायरेक्टच्या लाटेत सापडल्या होत्या. आतेभावाचा आवाज कापरा झाला.

"हे तुम्ही टाकून देता?"

"मंग काय, कुंकू लावू?"

"मला द्याल? विकत?"

मिस्त्रीने चहाचा ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं कचरा म्हणून पायाशी असलेला तो डबा त्याने दोन्ही हातांनी उचलून खोक्यावर घेतला, झाकण लावलं आणि विचारलं, "नगावर घेता का किलोवर?"

घासाघीस झाली, किलोवर ठरलं. तराजू शेजारच्या लसूणवाल्या मावशींचा. त्यांनी पारडं पदराने पुसलं, डबा उलटा केला, काटा नीट पाहिला आणि रिवाजाप्रमाणे वर एक सर्किट फुकट टाकलं.